स्फोटकांचा शोध: पेटत्या काडीपासून रामन परिणामापर्यंत

२२ जून १९८५ रोजी टोरांटो विमानतळावर एअर इंडियाच्या प्रवाशांचे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगा तपासण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या हाती पीडी-४ नावाचे एक छोटे उपकरण देण्यात आले. स्फोटकाची वाफ जवळ आली की ते वाजते, असे सांगितले गेले. आवाज कसा असतो हे कळावे म्हणून एक काडी पेटवून उपकरणाच्या तोंडाशी धरण्यात आली. उपकरण कर्कश वाजले आणि प्रात्यक्षिक तेवढ्यावर संपले. पुढे प्रत्यक्ष तपासणीत एका बॅगेजवळ ते वाजले खरे, पण काडीच्या वेळी झाला तसा मोठा आवाज तो नव्हता. बॅग पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी 'सम्राट कनिष्क' हे बोइंग ७४७ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकवर फुटले. विमानातील ३२९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. माँट्रियलहून लंडन, तेथून दिल्ली आणि मुंबई असा त्याचा मार्ग होता. स्फोटकाची बॅग व्हँकुव्हरहून, प्रवासी सोबत नसताना, टोरांटोला येऊन या विमानात चढवली गेली होती. त्याच कटातील दुसरी बॅग जपानमधील नारिता विमानतळावर फुटली व सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले.

या प्रकरणाची कॅनडातील सविस्तर सार्वजनिक चौकशी व्हायला पंचवीस वर्षे लागली. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल २०१० साली आला. त्यातील एक नोंद भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष अस्वस्थ करते. विमान पडण्याच्या पाच महिने आधी, जानेवारी १९८५ मध्ये, टोरांटो विमानतळावरच पीडी-४ ची चाचणी घेण्यात आली होती. बंदुकीच्या दारूची कुपी अगदी इंचभर अंतरावर येईपर्यंत उपकरणाला तिचा पत्ता लागला नाही, आणि प्लास्टिक स्फोटक तर त्याला मुळीच ओळखता आले नाही. हे उपकरण काम करीत नाही, हे ज्ञात होते. तरीही संकटाच्या घडीला तेच बाहेर काढले गेले, कारण काडी पेटवल्यावर ते वाजत होते. त्या काडीने सिद्ध काय झाले? उपकरण काडीला प्रतिसाद देते, एवढेच.

लपवलेल्या स्फोटकांच्या शोधाचा इतिहास सामान्यतः एकामागून एक आलेल्या यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो त्या यंत्रांची परीक्षा कशी घेतली गेली, किंवा घेतली गेली नाही, याचा इतिहास म्हणून अधिक अर्थपूर्ण वाटतो. यंत्रे तर येथे येतीलच.

शोध सुरू झाला धातूपासून, आणि तोही बॉम्बच्या नव्हे तर बंदुकीच्या गोळीच्या शोधातून. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात रुतलेली गोळी सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तन-तुला नावाचे साधन सिद्ध केले: दोन तारांची वेटोळी अशी मांडायची की एकाचा परिणाम दुसऱ्याने पुसून टाकावा आणि टेलिफोनच्या श्रवणीत शांतता असावी, जवळ धातू आला की हा तोल ढळतो व आवाज उमटतो. तत्त्व निर्दोष होते. पण रुग्णाच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य वैद्यांचा गोळी उजव्या बाजूस असल्याचा ठाम ग्रह असल्यामुळे बेल यांना तीच बाजू तपासू दिली गेली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड वारले. साधन चुकले नाही, शोधाची जागा आधीच ठरवली गेली होती.

हेच तत्त्व दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर आले. पोलंडचा अभियंता-अधिकारी यूझेफ कोसात्स्की याने स्कॉटलंडमध्ये असताना सुरुंगशोधक सिद्ध केला. त्याने त्याचे पेटंट घेतले नाही, रचना ब्रिटिश सैन्याला देऊन टाकली. ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या दुसऱ्या लढाईत असे सुमारे ५०० शोधक वापरले गेले. संगिनीने जमीन टोचत जाणाऱ्या सैनिकाचा सुरुंग काढण्याचा वेग त्यामुळे जवळपास दुप्पट झाला. उत्तर शोधण्यास जर्मनांना वेळ लागला नाही. त्यांनी लाकडी खोक्यांचे व काचेचे सुरुंग पेरले. धातू शोधणाऱ्या साधनाला स्फोटक दिसत नाही, त्याला स्फोटकाभोवतीचे आवरण दिसते. आवरण बदलले की साधन आंधळे होते.

तेव्हा आवरण सोडून पदार्थाकडे वळणे भाग होते. पदार्थाची सर्वांत सहज खूण म्हणजे त्याचा वास, अर्थात त्याच्या पृष्ठभागावरून सुटणारे रेणू. येथे निसर्गाने मोठा भेदभाव केला आहे. जुन्या डायनामाइटमध्ये असणारे ईजीडीएन हे द्रव्य चांगलेच उडून जाणारे. साधारण २५ अंश सेल्सिअसला, बंदिस्त जागेत समतोल साधल्यावर, हवेच्या दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे शंभर रेणू आढळतात. टीएनटीचे प्रमाण शंभर कोटींमागे नऊच्या आसपास. आणि आरडीएक्सचे? एक लाख कोटी रेणूंमागे जेमतेम पाच. टीएनटी आणि आरडीएक्स यांच्यात हजाराहून अधिक पटींचा फरक आहे. शिवाय हे आकडे आदर्श स्थितीचे. प्रत्यक्षात हवा वाहते, गुंडाळलेले कापड रेणू शोषून घेते, आणि समतोल कधी साधतच नाही. टोरांटोतील जानेवारीच्या चाचणीत प्लास्टिक स्फोटकापुढे उपकरण गप्प राहिले, ते याच पार्श्वभूमीवर पाहावे लागेल.

अशा विरळ बाष्पाला पकडण्याची साधने रसायनाच्या प्रयोगशाळेतून आली. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रॉन-ग्रहण शोधक तयार केला. नायट्रो गट असलेले रेणू मोकळ्या इलेक्ट्रॉनवर झडप घालतात, आणि बहुतेक लष्करी स्फोटके नायट्रो गटांनी भरलेली असतात. त्यामुळे हवेतील कीटकनाशके मोजण्यासाठी गाजलेले हे साधन स्फोटकांच्याही उपयोगी पडले. १९७० च्या सुमारास आयन-गतिशीलता वर्णपटमापन आले. आज विमानतळावर तुमच्या लॅपटॉपवरून कापडी पट्टी फिरवून ती एका पेटीत सरकवतात, त्या पेटीत बहुधा हेच तंत्र असते. पट्टी तापवून तिच्यावरील कणांची वाफ केली जाते, वाफेचे आयन बनवले जातात आणि विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने ते हवेने भरलेल्या काही सेंटिमीटरच्या नळीतून ओढले जातात. वारीच्या गर्दीत खांद्यावर पडशी तेवढी टाकलेला माणूस झपझप पुढे निघतो आणि डोक्यावर ट्रंक घेतलेला मागे पडतो, तसे लहान, आटोपशीर आयन आधी पोचतात व मोठे नंतर. काही मिलिसेकंदांतील हा फरक म्हणजे रेणूची ओळख.

येथे वाफेऐवजी कणांकडे वळण्याचा जो निर्णय झाला, तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर निर्णय वाटतो. आरडीएक्स उडत नाही, पण चिकटते. ते हाताळणाऱ्याच्या बोटांवर, तेथून बॅगेच्या मुठीवर, चेनवर त्याचे सूक्ष्म कण लागतात. ज्या गुणामुळे वासाचा मार्ग बंद झाला, त्याच गुणामुळे स्पर्शाचा मार्ग उघडला: कण उडून जात नाहीत म्हणूनच ते तेथे सापडतात.

२१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲम कंपनीचे विमान पाडले गेले आणि २७० जण मृत्युमुखी पडले. कॅसेट प्लेअरमध्ये लपवलेले सेमटेक्स हे त्याचे कारण ठरले. कनिष्कनंतर साडेतीन वर्षांनी जगाने जी धावपळ केली, ती कनिष्कनंतर केली नव्हती, हे कटू असले तरी खरे आहे. भारताने मात्र नागरी विमान सुरक्षेचे काम पाहणारा कक्ष १ एप्रिल १९८७ रोजी स्वतंत्र विभाग केला. तोच आजचा नागर विमानन सुरक्षा ब्यूरो, ज्याला आपण बीसीएएस म्हणून ओळखतो.

लॉकरबीनंतर अमेरिकेने अणुभौतिकी विमानतळावर आणून पाहिली. मंद न्यूट्रॉन बॅगेत सोडायचे. नायट्रोजनच्या केंद्रकाने न्यूट्रॉन गिळला की सुमारे १०.८ एमईव्ही ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो, आणि इतक्या उच्च ऊर्जेचा गॅमा किरण सामान्य सामानातील इतर मूलद्रव्यांकडून क्वचितच येतो. कागदावर ही कल्पना देखणी आहे. परंतु नायट्रोजन लोकरीतही असतो आणि चामड्यातही. लॉकरबीला वापरले गेले तेवढे थोडे स्फोटक पकडायचे म्हणून यंत्राची संवेदनशीलता वाढवली, तर स्वेटर आणि बूटही संशयित ठरू लागतात. न्यू यॉर्कच्या केनेडी विमानतळावर बसवलेल्या या यंत्राची दोन-तीन वर्षांतच पीछेहाट झाली.

अडचण एकट्या त्या यंत्राची नव्हती, अंकगणिताची होती. समजा एखादे साधन शंभरातले नव्व्याण्णव बॉम्ब पकडते आणि निर्दोष बॅगांपैकी केवळ एक टक्का बॅगांवर खोटा इशारा देते. ऐकायला हे उत्तम वाटते. आता दहा लाख बॅगांमध्ये एकच बॉम्ब आहे असे धरा. दहा हजार खोटे इशारे वाजतील आणि एक खरा. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे. बेझचे सूत्र परीक्षेसाठी पाठ करण्यापेक्षा ते येथे अधिक नीट समजते. दहा हजार वेळा फसलेला माणूस दहा हजार एकाव्या वेळी बॅग उघडेल काय, हा प्रश्न मग भौतिकशास्त्राचा राहत नाही.

यातून वाट निघाली ती एकावर एक चाळण्या लावण्याची. रुग्णालयातील सीटी स्कॅन १९९४ मध्ये सामानासाठी अमेरिकेत प्रमाणित झाला. तो वस्तूचे काप घेऊन प्रत्येक भागाची घनता काढतो. संशयास्पद घनतेच्या बॅगा तेवढ्या पुढच्या तपासणीला जातात. काही खाद्यपदार्थांची घनताही त्याच पट्ट्यात पडते, म्हणून पुढची चाळण वेगळ्या तत्त्वाची असावी लागते. दुसरा उपाय कायद्याचा होता. १ मार्च १९९१ रोजी माँट्रियल येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्लास्टिक स्फोटकांच्या उत्पादकांवर त्यात सहज उडणारे एखादे खूणद्रव्य मिसळण्याचे बंधन घातले. डीएमएनबी हे त्यांतील सर्वाधिक वापरले गेलेले. जे स्फोटक स्वतःहून वास देत नाही, त्याला वास देण्याची ही सक्ती. करार अंमलात यायला १९९८ उजाडले, आणि चोरून बनवलेल्या स्फोटकांवर त्याचा अंमल चालत नाही, हे उघडच आहे.

दरम्यान आरडीएक्स आपल्या दारात आले होते. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे उतरवलेला साठा १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत फुटला आणि २५७ जणांचा बळी गेला. पुढचे काही दिवस शहराला एकच प्रश्न छळत होता: अजून किती शिल्लक आहेत? त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात पुण्याच्या शिवाजीनगर येथील केंद्रात शिकून आलेला झंजीर नावाचा तरुण लॅब्रडॉर होता. १५ मार्चला झवेरी बाजाराजवळच्या धनजी स्ट्रीटवरील बेवारस स्कूटर त्याने दाखवून दिली. त्याच्या नावावर पुढे ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधल्याची नोंद झाली. २००० साली तो गेला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप देण्यात आला.

एक लाख कोटींत पाच, हे प्रमाण वर सांगितले. मग झंजीरला काय कळले? उपलब्ध संशोधन सांगते की कुत्रा बहुधा शुद्ध आरडीएक्स हुंगत नाही. त्याच्या भोवतीच्या सोबत्यांना हुंगतो. आरडीएक्स शुद्ध करताना वापरलेल्या सायक्लोहेक्झॅनोनचा अंश, लवचीकपणासाठी घातलेल्या द्रव्यांपासून सुटणारी अल्कोहोले, बांधणीचे तेल. या साऱ्यांचा मिळून जो गंधपट तयार होतो तो कुत्रा लक्षात ठेवतो. याचा एक व्यावहारिक अर्थ असा की एकाच कारखान्याच्या नमुन्यावर शिकवलेला कुत्रा दुसऱ्या ठिकाणच्या मालासमोर गोंधळू शकतो. म्हणून श्वानपथकाचीही परीक्षा वारंवार घ्यावी लागते, आणि तीही हाताळणाऱ्याला नमुना कोठे लपवला आहे हे माहीत नसताना. माहीत असेल तर तो नकळत दोर सैल-घट्ट करतो आणि कुत्रा स्फोटकाऐवजी मालकाला वाचतो.

ही आंधळी चाचणी टाळली की काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण इराकचे. जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्याने एडीई ६५१ नावाची साधने तेथील सरकारला कोट्यवधी पौंडांना विकली. मुठीला सैलसर बसवलेली एक दांडी, आणि ती स्फोटकाच्या दिशेने वळते असा दावा. मूळ वस्तू हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकले जाणारे खेळणे होती. आत ना बॅटरी होती, ना कसलेही कार्यक्षम मंडल. आपल्याकडे बेचक्याची फांदी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेतात विहिरीची जागा सांगणारे पाणाडे असतात. दांडी वळते ती त्याच कारणाने, मनातल्या अपेक्षेने मनगट नकळत कलते म्हणून. पाणाड्याचे चुकले तर शेतकऱ्याचे पैसे जातात. बगदादमध्ये या दांड्या तपासणी नाक्यांवर होत्या आणि स्फोटकांनी भरलेल्या गाड्या त्यांच्या पुढून शहरात शिरल्या. ऑक्टोबर २००९ च्या एकाच दिवशीच्या स्फोटांत दीडशेहून अधिक माणसे गेली. मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही ही साधने नाक्यांवरून हटवण्याचा आदेश बगदादच्या कर्रादा भागातील हत्याकांडानंतर, जुलै २०१६ मध्ये निघाला. थायलंडने अशाच जीटी२०० या साधनाची २०१० साली आंधळी चाचणी घेतली: वीसपैकी चार वेळा अचूक. निव्वळ अंदाजाने याहून वाईट झाले नसते. ही चाचणी एका दिवसाची आणि काही खोक्यांची होती. ती खरेदीच्या आधी घ्यायला किती खर्च आला असता?

आता आपल्या देशातील कामाकडे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरील संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांना जो परिणाम आढळला, त्याचे सार असे: रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग आपला रंग किंचित बदलतो, आणि तो बदल रेणूच्या कंपनांची नेमकी नोंद असतो. कोट्यवधी फोटॉनांतील एखादाच असा. लेझर येईपर्यंत स्फोटके ओळखण्याइतके हे तंत्र चपळ नव्हते. त्यातही भांड्याच्या भिंतीचा संकेत आतील पदार्थाला झाकून टाकतो. २००५ मध्ये पावेल मातुसेक आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी यावर युक्ती काढली: लेझर एका ठिकाणी टाकायचा आणि प्रकाश थोड्या अंतरावरून गोळा करायचा. बाजूने बाहेर येणारा फोटॉन आत खोलवर भटकून आलेला असतो, म्हणून तो आतली बातमी आणतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिव उमापती आणि संचिता सिल यांनी हा विचार पुढे नेला. त्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत नमुन्याभोवती अनेक कोनांतून प्रकाश एकाच वेळी टिपला जातो, त्यामुळे कोणत्या थरात काय आहे हे अपारदर्शक वेष्टनाआडूनही उलगडते.

पुण्याची डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे एचईएमआरएल, या क्षेत्रात आधीपासून होती. तेथे सिद्ध झालेला रासायनिक संच थेंबभर अभिकारकांनी रंग बदलून स्फोटकाचा गट सांगतो. हे तंत्र पुढे एका अमेरिकी कंपनीलाही हस्तांतरित झाले. १ मार्च २०२१ रोजी याच प्रयोगशाळेने विज्ञान संस्थेच्या साथीने 'रेडर-एक्स' हे उपकरण सादर केले. दोन मीटर अंतरावरून, पदार्थात भेसळ असताना किंवा तो झाकलेला असतानाही, वीसहून अधिक स्फोटके ओळखण्याची क्षमता त्याला देण्यात आली आहे. दोन मीटर हे अंतर किरकोळ वाटेल. हाताने पुसून नमुना घेणे आणि दोन पावले दूर राहणे यांतला फरक ज्याला बॅगेजवळ जावे लागते त्याला विचारावा. अशा साधनाच्या जाहीर वर्णनात 'किती ओळखते' याबरोबर 'किती वेळा उगीच ओरडते' हाही आकडा असावा, अशी माझी अपेक्षा आहे.

विमानतळ हा शोधाचा सोपा भाग. तेथे बॅग यंत्राकडे चालत येते. गडचिरोलीच्या रस्त्यावर माणसाला सुरुंगाकडे चालत जावे लागते. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ रस्त्याखालील स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. जमिनीत रडारच्या लहरी सोडून पुरलेली वस्तू शोधता येते. पण लहरी परत फिरतात त्या विद्युत गुणधर्मांतील फरकामुळे. बहुतेक स्फोटकांचा परावैद्युत स्थिरांक कोरड्या मातीच्या जवळपासचा, म्हणजे उन्हाळ्यात फरक थोडा. आणि पावसाळ्यात ओली चिकणमाती लहर खोलवर जाण्याआधीच शोषून घेते. लोहयुक्त जमिनीत धातुशोधकाला मातीच धातूसारखी भासते, आणि या जिल्ह्याच्या सूरजागडच्या डोंगरांत तर लोहखनिजच आहे. नायट्रोजनच्या केंद्रकांचा चतुर्ध्रुवी अनुनाद वापरला तर स्फोटक थेट ओळखता येते. आरडीएक्सचा एक अनुनाद सुमारे ३.४ मेगाहर्ट्झला मिळतो. परंतु टीएनटीचे अनुनाद एक मेगाहर्ट्झच्या खाली, नेमके मीडियम वेव्ह रेडिओच्या पट्ट्यात येतात, आणि संकेत इतका क्षीण असतो की दूरचे प्रक्षेपणही त्याला बुडवते. म्हणून रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीपुढे आजही कुत्रा आणि त्याचा सांभाळणारा चालतो, मागून धातुशोधक येतो, आणि शंकेच्या जागी कोणीतरी गुडघ्यावर बसून, कोसात्स्कीच्या आधी टोचत होते तशीच, तिरक्या सळईने माती टोचून पाहतो.